साडेसहा ते सात या वतनासाठी झालेला संग्राम

तख्ते फिरली त्यांस लिहिणारे बहुत मिळाले, कोणत्या रणी कोण पडला तेही कागदी आले, परंतु टेलिव्हिजनवरील अर्ध्या तासासाठी एका बाईने चार दिवस जी शर्थ केली ती कोणी लिहिली नाही. हे न्यून मनी धरून, ज्यांनी डोळां पाहिले त्यांस पुसून, सत्यास स्मरून हे वर्तमान सादर केले असे. ज्यास गाईंची माहिती आहे त्याने धीराने वाचावे, ज्यास नाही त्याने अधिक धीराने वाचावे.

शके १८९६, आनंदनाम संवत्सर, इसवी सन १९७४, ऑक्टोबरचा महिना. ते समयी अमेरिकेच्या मुलखी टेलिव्हिजनची राज्यव्यवस्था ऐसी होती की, न्यूयॉर्क शहरी थोरली गादी, तिजला नेटवर्क म्हणत, आणि गावोगावी तिची मांडलिक ठाणी, आणि गादीने कार्यक्रम पाठवावे आणि ठाण्यांनी ते आपापल्या मनोऱ्यावरून रयतेस दाखवावे. मात्र सायंकाळी साडेसहा ते सात हा अर्धा तास ठाण्याचे खासगत वतन, त्यात गादीने बोट घालू नये, ऐसा दस्तुर.

साउथ डकोटा सुभ्यात प्लम क्रॉसिंग नामे गाव, तेथे चॅनेल अकराचे ठाणे. ठाणेदार ऑर्विल हाउगलंड, शरीरे थोर, मने मऊ, कोणास नाही म्हणणे ज्यांस जन्मात साधले नाही. आणि कार्यक्रमांचा कारभार मिस आर्लिस टोलेफसन यांजकडे. बाई वये चौपन्न, अंगे शिडशिडीत, चष्मा साखळीने गळ्यात, आणि तिच्या खोलीत भिंतभर एक फळा, त्यावर सप्ताहाच्या सात दिवसांच्या चिठ्ठ्या रंगवार टोचलेल्या. बावीस वर्षे त्या फळ्यावरील एकही चिठ्ठी बाईच्या हुकमाविना हालली नाही. गावाने कधी जेवावे, कधी बातम्या ऐकाव्या आणि पोरांस कधी दटावून निजवावे, हे सर्व त्या फळ्यावरून ठरत असे, आणि खुद्द बाई डबाबंद सूप गरम करून आठ वाजता एकटी जेवीत असे, हे गावास ठाऊक नव्हते.

गुरुवारच्या साडेसहाची चिठ्ठी हिरवी. त्या वेळी एमिल ह्रुस्का, वये अडुसष्ट, अकॉर्डियन म्हणजे गळ्यातली पेटी, ती वाजविण्यात त्या प्रांती ज्यास जोड नाही, तो तिघा साथीदारांसह पोल्का नाचाच्या गती वाजवी, आणि मध्येच ज्यांस ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्यांची नावे वाची. आणि येत्या गुरुवारी, चोवीस तारखेस, ओटाकर आणि ब्लाझेना वोंद्राचेक या शेतकरी दांपत्याच्या लग्नास साठ वर्षे होत होती, म्हणून उभयतांनी ठाण्यात येऊन सर्व मुलखादेखत नाचावे, ऐसा करार आर्लिसबाईने स्वमुखे केला होता.

करारात एक नाजूक कलम होते. ब्लाझेनाची धाकटी बहीण रुझेना, लग्नाच्या दिवशी गोवर निघून खोलीत कोंडली गेली आणि बहिणीचा नाच तिने पाहिला नाही, नुसता भिंतीपलीकडून ऐकिला. ती आता शहात्तर वर्षांची, कंबरेचे हाड मोडून तीस कोसांवर बेल रिव्हर गावच्या वृद्धाश्रमी अंथरुणास खिळलेली, आणि तेथे चॅनेल अकरा स्वच्छ दिसत होते. ब्लाझेनाने आर्लिसबाईस फोन करून सांगितले होते, "तिला एकदा दिसू दे बाई. साठ वर्षं टोमणे मारतेय मला, मुद्दाम त्याच दिवशी लग्न केलंस म्हणून."

ऐसे असता सोमवारी सकाळी दहाचे सुमारास तारयंत्र खडखडू लागले आणि गादीचे फर्मान उतरले की, गुरुवारी बर्फावर घसरत नाचण्याचा खास तमाशा दीड तासाचा, साडेसहास आरंभ, सबब समस्त ठाण्यांनी साडेसहा मोकळे करावे, जाणिजे.

बाईने कागद दोनदा वाचिला आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचिला आणि मग तडक ठाणेदारांचे दालनी गेली. ठाणेदार गोड पाव खात होते.

"आर्लिस, एकाच गुरुवारचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले.

"साहेब, साठावं वर्षसुद्धा एकाच गुरुवारी आहे."

"शुक्रवारी नाचू देत की."

"शुक्रवारी शाळेचा फुटबॉल. गाव मैदानावर असतं. आणि ब्लाझेना म्हणते पंचवीसला साठ वर्षं होत नाहीत, साठ वर्षं आणि एक दिवस होतो."

"मग पुढच्या गुरुवारी?"

"हरकत नाही. तुम्ही सांगा तिला. हा घ्या नंबर."

ठाणेदारांनी नंबरावर गोड पावाची बशी ठेविली.

मग बाईने खोलीचे दार लावून फळ्यासमोर खलबत मांडिले. पोल्का सहास न्यावा तर तेथे बातम्यांचा तळ, आणि बातम्या साडेपाचास न्याव्या तर तेथे डुकरांच्या बाजारभावाची छावणी, आणि भाव पाचास न्यावे तर तेथे विदूषकाच्या व्यंगपटांचा मुक्काम, आणि विदूषक साडेचारास हलवावा तर पोरे शाळेच्या बसमध्ये. तरीही बाईने हिय्या करून सर्व चिठ्ठ्या अर्ध्या अर्ध्या तासाने अलीकडे सारिल्या. घटकाभरात बातमी फुटली. विदूषक नाक हातात घेऊन आला आणि राजीनाम्याची भाषा बोलू लागला, हवामानवाले म्हणो लागले की आमचे ढग सहापूर्वी तयार होत नाहीत, आणि डुकरांच्या भावासाठी सतरा शेतकऱ्यांचे फोन आले, त्यातील एकाने बाईस "तुला डुक्कर म्हणजे काय ते तरी माहीत आहे का गं?" ऐसे पुसिले. हे सर्व बाईने सोसिले. परंतु शेवटी तिने ब्लाझेनास फोन करून सहाला याल काय म्हणून विचारिले, तेव्हा ती इतकेच बोलली, "साडेचार ते सहा धारा. मग आंघोळ. मग गाडी. साडेसहा."

येथे मसलत खुंटली. बाईने सर्व चिठ्ठ्या पूर्ववत केल्या. गादीचे फर्मान फिरेल, विदूषक समजूत घातल्यास ऐकेल, परंतु गाईंची वेळ फिरविणारा अजून जन्मास यायचा होता.

बुधवारी गादीचा वकील विमानाने येऊन ठेपला. नाव प्रेस्कॉट डेलाफील्ड, वये चौतीस, वासराच्या मऊ कातड्याचे बूट, आणि ज्या ठाण्यास तो गेला ते ठाणे संध्याकाळच्या आत वळले ऐसा लौकिक. त्याने खुर्चीवर बसताच मधाचे बोट लाविले.

"मिस टोलेफसन, दोनशे दोन ठाण्यांनी होकार दिलाय. तुमचंच एक राहिलंय."

"दोनशे दोन आहेत ना? मग एकावाचून काय अडलं?"

"नकाशावर भोक दिसतं हो."

"ते भोक नाही. ते प्लम क्रॉसिंग आहे."

वकील हसला, परंतु नाकाने. मग म्हणाला की, म्हाताऱ्या मंडळींस साडेपाचास बोलवावे, नाचवावे, केक द्यावा आणि वाटेस लावावे. बाईने धारांचे कलम पुढे ठेविले. वकिलाने हात झटकून म्हटले, "मग तासभर आधी काढा म्हणावं धारा! सांगायचं त्यांना."

आर्लिसबाई बावीस वर्षांत कोणावर संतापली नव्हती, तेव्हाही संतापली नाही. तिने कोट घातला, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाली, "चला. तुम्हीच सांगा."

वोंद्राचेकांचा मळा सात कोसांवर. पोहोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. गोठ्यात नऊ गाई, सर्वांच्या धारा हातानेच, कारण ओटाकरचे म्हणणे यंत्रास गाईची मर्जी कळत नाही. ओटाकर एका टोकास, ब्लाझेना दुसऱ्या टोकास. ती ऐंशी वर्षांची, ठेंगणी, डोईस रुमाल, आणि गाईच्या पोटाखालून मान न वळविता तिने पुसिले, "कोण रे तो? दार लाव आधी, वारं येतंय."

"मी न्यूयॉर्कहून आलोय, मिसेस वोंद्राचेक."

"ते बुटांवरून दिसलंच."

मग वकिलाने गादीचे म्हणणे मांडिले. ते मांडता मांडता त्याचे स्वतःचे कानासही ते विचित्र ऐकू येऊ लागले, परंतु त्याने शेवटपर्यंत मांडिले. ब्लाझेनाने चरवी बाजूस ठेवून विचार केला.

"तासभर आधी? मला चालेल बाबा. ह्या नऊ जणींना विचार. ती कोपऱ्यातली मार्था जरा फटकळ आहे, तिला सगळ्यात शेवटी विचार."

"अहो, पण…"

"उभ्यानं काय बोलतोस? बस इथे. आचळ धर. असं नव्हे रे, टेलिफोन धरल्यासारखं काय धरतोस!"

ऐसा गादीचा मातबर वकील तिवईवर बसला आणि पाऊण तास झुंजला, आणि मिळकत एक वाटीभर दूध, आणि शेवटी मार्थेने पाय झाडून त्याची टोपी शेणाच्या नालीत धाडिली. ओटाकर, जो वर्षात चार वाक्ये बोले, त्याने त्यातील एक तेथे खर्च केले. म्हणाला, "तिला टोप्या आवडत नाहीत."

वकील घायाळ होऊन भिंतीस टेकला आणि मनुष्य थकला म्हणजे खरे बोलतो त्याप्रमाणे बोलून गेला, "मिस टोलेफसन, खरं सांगू? करारात तुम्हाला नाही म्हणता येतं. ठाणेदाराच्या सहीनं, लेखी, त्या दिवशी दुपारी बाराच्या आत. पण अजून कोणी असं केलेलं नाही, आणि जो करेल त्याचे कार्यक्रम काढून दुसऱ्या ठाण्याला द्यायला आमचे लोक मागेपुढे पाहणार नाहीत."

बाईच्या ध्यानी दोन्ही गोष्टी राहिल्या. परतीच्या वाटेवर तिने गाडीच्या खिडक्या उघड्या ठेविल्या, त्याचे कारण वकिलाचे बूट.

गुरुवारी सकाळी आठपासून ठाणेदार सापडेनात. दालनात नाहीत, गाडी तर जागेवर, आणि गोड पावाचे चुरे दालनाबाहेर. बाई चुऱ्यांचा माग काढीत चालली आणि स्टुडिओत हवामानाचा जो थोर नकाशा, त्याच्या मागे ठाणेदार खोक्यावर बसलेले आढळले.

"आर्लिस, मी इथे नाहीये," ते हळूच म्हणाले.

"बरं. जो इथे नाही त्याची सही पाहिजे."

"अगं, नदीपलीकडचं चॅनेल चार टपून बसलंय! गादी त्यांच्याकडे गेली तर आपण दाखवायचं काय, विदूषक?"

हे खोटे नव्हते. अठ्ठावीस माणसे त्या ठाण्यावर पोट भरीत, आणि त्यांत ती एक. तिला वाटले, दोन म्हातारी माणसे आणि एक नाच, यासाठी आपण हे काय आरंभिले? आणि मग तिला वाटले की, शब्द आपण दिला, गादीने नव्हे.

"साहेब, सही केली तर न्यूयॉर्क खवळेल, कबूल. नाही केली तर साडेसहाला ब्लाझेना खवळेल, एकेचाळीस नातलग घेऊन. न्यूयॉर्क सातशे कोसांवर आहे. ब्लाझेना सात. तुम्हीच काय ते ठरवा."

"एमिलला सांगितलंस, कार्यक्रम रद्द म्हणून?"

"नाही. ते काम तुमच्यासाठी राखून ठेवलंय. तो बाहेर पेटी पुसतोय, बोलावू का?"

भित्रा मनुष्य दोन भयांत सापडला म्हणजे लांबचे भय पत्करितो, हा राजकारणाचा जुना सिद्धांत. ठाणेदारांनी डोळे मिटून सही ठोकिली, आणि अकरा वाजून बावन्न मिनिटांनी नकार तारयंत्रावरून रवाना जाहला.

न्यूयॉर्कास कल्लोळ उडाला. वकिलास फोनवर हुकूम सुटला की, संध्याकाळच्या आत त्या दांपत्याने स्वखुशीने माघार घेतली पाहिजे, अन्यथा तोंड दाखवू नये. डेलाफील्ड भाड्याची गाडी घेऊन एकटाच मळ्याकडे धावला. बाईने खिडकीतून त्याची गाडी जाताना पाहिली.

सहा वाजता एकेचाळीस नातलग स्टुडिओत दाखल. सव्वासहा झाले, दांपत्य नाही. मळ्यावर फोन केला, कोणी उचलीना. साडेसहा वाजता तांबडा दिवा लागला, कळ फिरविणाऱ्या गड्याने गादीचा प्रवाह तोडून ठाण्याचा पडदा लाविला, आणि एमिलने पहिली गत छेडिली, मग दुसरी, मग तिसरी, आणि दारात कोणी नाही. सहा चाळीसला त्याची बोटे आखडली आणि वाजवीत असताच तो नजरेने बाईस विनवू लागला.

तेव्हा आर्लिस टोलेफसन, जी बावीस वर्षांत एकदाही कॅमेऱ्यासमोर गेली नव्हती, जिने दुसऱ्यांच्या संध्याकाळी लाविल्या आणि आपली कोणास दाखविली नाही, ती नावांची यादी घेऊन उजेडात शिरली. आवाज फुटला तो अर्धा सूर वर. तिने ऐंशी झालेल्यांची नावे वाचिली. ती सहा होती, दोन पळांत संपली. मग पुढील सप्ताहाची वाचिली, आणि ज्यांस ऐंशीस आठ दिवस उणे होते त्यांस तत्काळ ऐंशीचे केले. मग नोव्हेंबर वाचिला. मग डिसेंबर आरंभिला, आणि गावात कित्येक वृद्ध खुर्चीत दचकून उठले, आणि एकीने फोन करून कळविले की, मी अठ्ठ्याहत्तर आहे, जरा दमाने घ्या.

सहा अठ्ठेचाळीसला बाहेर भोंगा ऐसा वाजू लागला की थांबेना. दार उघडले आणि निळ्या भरतकामाचा पोषाख ल्यालेली ब्लाझेना आत आली, मागे काळ्या कोटात ओटाकर, आणि त्यांचे मागे गादीचा वकील, केसांत गवत, एक बाही कोपरापर्यंत दुधाने भिजलेली.

पुढे कळले ते ऐसे. ओटाकरच्या मनगटास आदल्या रात्री लचक भरली आणि धारा मागे पडल्या. त्यात वकील माघारीचा कागद घेऊन पोहोचला, आणि ब्लाझेनाने कागद खिळ्यास अडकवून त्याच्या हाती चरवी दिली. या खेपेस त्याने दोन गाईंच्या धारा पुऱ्या काढिल्या आणि मार्थेनेही लाथ आवरिली. मग ओटाकरचा ट्रक सुरू होईना. म्हातारी सरळ भाड्याच्या गाडीत पुढे जाऊन बसली आणि म्हणाली, "चल." तो म्हणाला, "मिसेस वोंद्राचेक, मला ह्याच्यासाठी पाठवलेलं नाहीये." ती म्हणाली, "ते मग सांग. आधी गियर टाक." आणि त्याने गियर टाकिला. का टाकिला हे त्यास पुढे कित्येकांनी विचारिले आणि त्यास सांगता आले नाही.

एमिलने लग्नातील तीच गत उचलिली. उभयता नाचू लागली. ओटाकर सावकाश, लचकलेला हात छातीशी, आणि ब्लाझेना त्याचेभोवती भिंगरी, आणि पहिल्या फेऱ्यास एकेचाळीस नातलगांनी टाळ्यांचा ठेका धरिला आणि तिसऱ्या फेऱ्यास तेही रिंगणात उतरले, आणि कॅमेरा डगमगू लागला, आणि ठाणेदार हाउगलंड कोठून कोण जाणे प्रकट होऊन एका मावशीबरोबर नाचताना सर्व प्रांतास दिसले. आर्लिसबाई कडेला यादी उराशी धरून उभी होती. चष्म्यावर वाफ आली ती तिने पुसिली नाही.

सात वाजता कळ फिरली आणि पडद्यावर गादीचा बर्फ अवतरला, तिसरा हिस्सा होऊन गेलेला, आणि कोणाचे काही बिघडले नाही.

सात वाजून चार मिनिटांनी बेल रिव्हरहून फोन आला. बाईने घेतला.

"मी रुझेना. दिसली ती."

"मग? कसा वाटला नाच?"

"डावा पाय चुकतो तिचा. म्हणजे साठ वर्षांपूर्वीही चुकत असणार, आणि मला कोणी सांगितलं नाही." पलीकडे बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. "टेपवर घेतलंत का हो?"

"नाही घेतलं, बाई. जिवंत होतं ते."

"बरं केलंत. नाहीतर ती रोज बघत बसली असती."

वकील डेलाफील्ड दुसरे दिवशी न्यूयॉर्कास गेला आणि त्याने गादीस अहवाल लिहिला की, स्थानिक परिस्थितीची समक्ष पाहणी केली, तिजवर इलाज नाही. गादीने नाराजीचे एक पत्र धाडिले, परंतु आपले कार्यक्रम काढून घेतले नाहीत, कारण चॅनेल चारचा मनोरा बुटका निघाला, त्याचे चित्र दूर पोहोचेना.

त्या गुरुवारी संध्याकाळी शेवटी एक काम उरले होते. सरकारी नियमाने ठाण्याच्या रोजनाम्यात प्रत्येक कार्यक्रम वेळेसह लिहून त्याचा वर्ग नोंदावा लागे, आणि वर्ग मोजकेच होते. आर्लिसबाईने टेबलाशी बसून वेळ घातली आणि वर्गाच्या रकान्यापाशी थांबली. करमणूक लिहावे तर कमी पडत होते. शेती लिहावे तर नऊ गाईंचा हक्क होता, परंतु त्या पडद्यावर आल्या नव्हत्या. धर्म लिहावे तर पाद्रीसाहेब विचारणार. मग तिने पेन झटकून ठळक अक्षरे लिहिले ते ऐसे: गुरुवार, चोवीस ऑक्टोबर, साडेसहा ते सात, वोंद्राचेक दांपत्याचे नृत्य, अकरा मिनिटे, वर्ग सार्वजनिक कारभार. आणि खाली आपली सही केली, आणि ठाणेदारांची घेतली, आणि शाई वाळेतो वर हात धरिला. येणेप्रमाणे साडेसहा ते सात हे वतन प्लम क्रॉसिंगकडे कायम जाहले, उभय पक्षी एक टोपी खर्ची पडली, ठाण्याची फत्ते जाहली.